"चला, रंगाचा खर्च वाचला!"

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या गॅदरिंगसाठी मी मलिक अंबरवर वीस मिनिटांची नाटिका लिहिली होती. शाळा उर्दू माध्यमाची, नाटिका मराठीत. आठवीच्या मुलांना मराठी बोलायला निमित्त मिळावे हा एक हेतू. ज्या माणसाने दख्खनचा इतिहास घडवला तो मुलांना निदान नावाने तरी माहीत असावा, हा दुसरा. पात्रे ठरवायची वेळ आली तेव्हा सगळ्या वर्गाचे बोट एकाच मुलाकडे गेले. तो वर्गात सर्वांत सावळा. "सावळा" ही माझी भीड झाली, तो काळा आहे. मुले खिदळली. आणि मीही हसत म्हणाले, "चला, रंगाचा खर्च वाचला!"

दुसऱ्या दिवशी तो तालमीला आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. बाई मूळची कोकणातली, बोलणे हळू. भांडायला आली नव्हती. एवढेच म्हणाली, "टीचर, घरात त्याला सगले कल्लूच बोलतात. आजीपन बोलते, मीपन बोलते कधी. शालेत तरी त्याला नावाने हाक मारा." आणि निघून गेली.

मी बीएड केले आहे. बालमानसशास्त्राच्या पेपरात मला चांगले गुण होते. वीस वर्षांच्या आसपास शिकवते आहे. ज्याला त्याच्या रंगावरून एका बादशहाने हिणवले त्याची गोष्ट मुलांना सांगायला निघालेल्या बाईने पहिल्याच दिवशी बादशहाचेच काम केले. हा लेख त्या शरमेतून आला आहे. पण ती शरम माझ्या एकटीची आहे असे मला वाटत नाही, म्हणून तो इथे लिहिते आहे.

आपल्या मातीतला काळा इतिहास

काळ्या माणसांचा इतिहास म्हटले की आपल्याला अमेरिका आठवते. कापसाचे मळे, लिंकन, मार्टिन ल्यूथर किंग, आणि अलीकडे २०२० मध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेलेला जॉर्ज फ्लॉइड. तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी मोबाइलवर काळा चौकोन लावला होता, मीही लावला होता. पण कोपरहून निघून एका दिवसात जाऊन परत येता येईल अशा अंतरावर हा इतिहास दगडात उभा आहे, हे त्या चौकोनात कुठेच नव्हते.

मलिक अंबर साधारण १५४८ मध्ये आजच्या इथिओपियात जन्मला. लहानपणीच विकला गेला. अरबस्तान, बगदाद असे बाजार पालटत तो दख्खनला पोहोचला आणि अहमदनगरच्या निजामशाहीतला एक मोठा सरदार चंगेज खान याने त्याला विकत घेतले. चंगेज खान स्वतःही हबशी होता. मालकाच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला, शिपाई झाला, स्वतःची फौज बांधली. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला तेव्हा निजामशाही संपली असे सर्वांना वाटले. अंबरने निजामशाही घराण्यातल्या एका मुलाला गादीवर बसवले आणि पुढची पंचवीस वर्षे ते राज्य चालवून दाखवले. १६१० मध्ये त्याने खडकी गाव राजधानीसाठी वसवले. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणणारी नहर त्याची. जमीन मोजून महसूल बांधण्याची पद्धत त्याची. मोगलांच्या अवाढव्य सैन्याला तोंड न देता त्याची रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, हे गनिमी युद्ध त्याने मराठा सरदारांना सोबत घेऊन लढवले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी अंबरच्या बाजूने लढले. शरीफजी तिथेच कामी आले.

आता बादशहाची गोष्ट. जहांगीर आपल्या आठवणींत अंबरचा उल्लेख करतो तेव्हा त्याची लेखणी पुन्हा पुन्हा त्याच्या काळ्या रंगावर घसरते. त्याच्या दरबारातल्या अबुल हसन या चित्रकाराने एक चित्र काढले आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर रोवलेल्या अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. हे चित्र सध्या डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. गंमत अशी की असे काही घडलेच नाही. अंबर १६२६ मध्ये म्हातारा होऊन आपल्या मौतीने मेला आणि खुलदाबादला त्याची कबर आहे. जे रणांगणावर जमले नाही ते कागदावर करून घेतले. एका मुसलमान बादशहाने एका मुसलमान वजिराला रंगावरून हिणवले, हे आपण मुद्दाम लक्षात ठेवले पाहिजे. रंगाचा अहंकार फक्त गोऱ्या साहेबाने जहाजातून आणला, असे म्हणण्याची सोय मग उरत नाही.

ज्यांची नावे राहिली नाहीत

स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने मला अडवले. त्यांचे म्हणणे असे: "मॅडम, तुम्ही अमेरिकेचे भांडण इथे कशाला आणता? आपल्याकडे गुलाम वजीर झाला. जंजिऱ्याचे सिद्दी नवाब झाले. एवढा मान कुठल्या देशाने दिला?"

हा मुद्दा फेकून देण्यासारखा नाही. दख्खनमधली गुलामी ही अमेरिकेतल्या मळ्यांवरच्या गुलामीसारखी नव्हती. इथे गुलाम मुख्यतः सैन्यात आणि घरकामात होते, त्यातल्या काहींना बढती मिळे, सुटका मिळे, लग्नसंबंध जुळत. गुलाम आईबापाचे मूल जन्मभर गुलामच, असा पक्का कायदा नव्हता. जंजिऱ्याच्या सिद्द्यांनी तर समुद्रावर सत्ता गाजवली. याकूत खानाने १६८९ मध्ये इंग्रजांच्या मुंबईला वेढा घातला होता. हे संस्थान १९४८ पर्यंत टिकले.

पण मला सहकाऱ्यांना विचारावेसे वाटले की अंबर ज्या गलबतातून आला त्यात बाकी किती जण होते? जे वजीर झाले नाहीत त्यांचे काय झाले? ज्या मुली जनानखान्यात पाणी भरायला विकल्या गेल्या त्यांच्या कबरी कुठे आहेत? एक माणूस शिडी चढून गच्चीवर पोहोचला म्हणून तळघर नव्हते असे होत नाही.

तळघराचा पुरावा नाशिकमध्ये आहे. शरणपूर रोडवरून आपल्यातले कितीतरी लोक गेले असतील. ते नाव कुठून आले? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ख्रिस्ती मिशनने तिथे वसाहत उभी केली आणि अरबी समुद्रात इंग्रजी आरमाराने गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथे आणून ठेवली. ती तिथे सुतारकाम, लोहारकाम शिकली, लिहायला शिकली. त्यांना पुढे "बॉम्बे आफ्रिकन" म्हणू लागले. त्यांच्यातला एक जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचे शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. नाशिकमध्ये शिकलेला आफ्रिकी मुलगा! त्यानंतर यातले बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउनला परत गेले. त्या वस्तीला नावही मुंबईचे जुने गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे. नाशिकच्या माझ्या एका नातेवाइकाला मी हे सांगितले. तो म्हणाला, "आम्ही तर त्या रोडवर फक्त ट्रॅफिक बघितला."

ती गलबते कोणाची होती हेही सांगायला हवे. पोर्तुगीजांची होती. अरब आणि गुजराती व्यापाऱ्यांचीही होती. आपल्या धर्माच्या लोकांचीही होती. पोर्तुगीजांच्या गोव्यातून पळालेले गुलाम उत्तर कन्नडच्या जंगलात गेले. यल्लापूर, हल्याळ भागात त्यांचे वंशज आजही आहेत, कोकणी बोलतात. काही ख्रिस्ती, काही मुसलमान, काही हिंदू. तिथल्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची रंगीत गोधडी शिवतात, तिला कवंद म्हणतात. २००३ मध्ये त्यांना कर्नाटकात अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

मांडणारा कोण?

या इतिहासावर मोठे प्रदर्शन झाले, पण ते मुरूडला नाही, संभाजीनगरला नाही, मुंबईलाही नाही. ते २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये शोमबर्ग सेंटरमध्ये झाले. गुलाम म्हणून भारतात आले आणि सेनापती, राजे झाले अशा आफ्रिकी माणसांचे हे प्रदर्शन सिल्व्हियान दियूफ आणि केनेथ रॉबिन्स यांनी मांडले. दियूफ यांनीच अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी मुसलमानांवर १९९८ मध्ये पुस्तक लिहिले होते. २०१४ मध्ये हे प्रदर्शन दिल्लीलाही आले. काळ्या माणसांच्या मुलुखातून कोणी तरी उठून आपल्या अंबरला शोधत आले. आपण त्याला शोधायला कुठे गेलो?

प्रदर्शन म्हणजे भिंतीवर फोटो टांगणे, असे मला वाटायचे. मग अमेरिकेतला कलावंत फ्रेड विल्सन याच्याविषयी वाचले. १९९२ मध्ये बाल्टिमोरच्या इतिहास संग्रहालयाने त्याला त्यांच्याच कोठारातल्या वस्तू मांडायला दिल्या. त्याने बाहेरून जवळजवळ काही आणले नाही. चांदीचे नक्षीदार तांबे आणि पेले जिथे ठेवायचे त्याच काचेच्या कपाटात, त्यांच्या मध्ये, त्याने गुलामांच्या पायातल्या बेड्या ठेवल्या. खाली चिठ्ठी लावली, "धातुकाम, १७९३ ते १८८०". बस. बेड्या आधीही संग्रहालयात होत्याच, फक्त कोठारात होत्या. चांदी ज्यांच्या घामाची आणि बेडी ज्यांच्या पायातली, ती माणसे एकच, हे सांगायला त्याला भाषण करावे लागले नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही घरचे जंजिऱ्याला गेलो होतो. राजपुरीहून शिडाच्या होडीत बसलो. गाईडने कलालबांगडी तोफ दाखवली, खाऱ्या समुद्रातला गोड्या पाण्याचा तलाव दाखवला, किल्ला कोणाला जिंकता आला नाही तेही सांगितले. सगळे खरे होते. पण हे सिद्दी कोण, कुठून आले, कसे आले, हे त्या तासाभरात एकदाही आले नाही. खोकरीच्या घुमटांपाशी तर आम्ही सोडून कोणीच नव्हते. मला वाटले, त्या तोफेशेजारी फक्त एक नकाशा हवा. इथिओपियापासून राजपुरीपर्यंत एक रेघ. आणि खाली चिठ्ठी: "या वाटेने माणसे विकत आणली जात."

मांडणीइतकाच प्रश्न सादरीकरणाचा आहे. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला बावा गोर यांची दर्गा आहे. तिथले सिद्दी धमाल करतात. मुगरमान नावाचा पायांचा ढोल, मलुंगा नावाचे एकतारी धनुष्य, आणि जिक्र. ती त्यांची इबादत आहे आणि आता रोजीही आहे. परदेशात त्यांचे कार्यक्रम झाले आहेत. त्यांच्या कलेला नाव ठेवायचा मला काही अधिकार नाही. मला खटकतो तो प्रेक्षक. मोरपिसे बांधलेला काळा माणूस डोक्याने नारळ फोडतो तेव्हा टाळ्या पडतात, मोबाइल वर होतात, आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच्या मुलाच्या शाळेचे काय, हे कोणी विचारत नाही. १९८७ मध्ये सरकारला सिद्दी आठवले तेही खेळांसाठी, की ही मुले धावण्यात पदके आणतील. काही वर्षांत ती योजनाही बंद पडली. अंग बघितले, माणूस बघितला नाही. गीरच्या जंबूर गावच्या हिराबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सिद्दी बायकांची बचत, बालवाडी, शेती यांत त्यांनी आयुष्य घातले. त्यांचे नाव आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल?

तोंडाला काळे फासून केलेल्या नाटकांचाही एक इतिहास आहे. अमेरिकेत १८३० च्या सुमारास थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला काळे फासून "जिम क्रो" नावाच्या काळ्या माणसाची नक्कल करायचा आणि थिएटर हसायचे. पुढे काळ्यांना वेगळा डबा, वेगळी शाळा, वेगळा नळ ठरवणाऱ्या कायद्यांना लोकांनी नाव दिले ते त्या नकलेचेच, जिम क्रो कायदे. आधी हसू आले, कायदा मागून आला. माझ्या वर्गात मी फक्त हसलेच होते ना, असे मला आता म्हणता येत नाही.

आपल्या अंगणात

महाराष्ट्रात ही बाब फार आधी ज्यांना कळली होती ते आपल्यातले नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये "गुलामगिरी" लिहिले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवायला झीज सोसली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहिले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिचे नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आले. त्यांना दूरच्या काळ्या माणसात आपले दुःख दिसले. आपल्याला मात्र घरातला काळा माणूस दिसत नाही.

आपण मुसलमान या विषयावर फार लवकर निर्धास्त होतो. हजरत बिलाल यांचे नाव घेतले की आपले काम झाले. मक्केत छळ सोसलेल्या हबशी गुलामाला पहिली अजान देण्याचा मान मिळाला, छळाला कंटाळलेल्या पहिल्या मुसलमानांना आसरा दिला तो हबशाच्या नजाशी राजाने, आणि शेवटच्या हजच्या खुतब्यात गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही हे सांगून झाले. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. आणि त्याच आठवड्यात रिश्त्यासाठी फोन येतो, "मॅडम, तुमच्या ओळखीत कोणी मुलगी? साफ रंग हवा हां." मीही सांगते, "हो, आहे एक, गोरीचिट्टी." ज्या मुलीचा रंग साफ नाही तिचे शिक्षण आधी सांगते, फोटो नंतर पाठवते. "हबश" हे एका देशाचे नाव. ज्या देशाने आपल्या पहिल्या मुहाजिरांना घर दिले त्याचे नाव आपण शिवी म्हणून वापरतो.

आणखी एक कबुली. कोपर स्टेशनवर वरच्या फलाटावरून वसईची गाडी जाते. एका संध्याकाळी तिथे एक आफ्रिकी तरुण पाठीवर बॅग घेऊन बाकावर बसला होता. बाकावर आणखी तिघांची जागा होती. फलाटावर वीसएक माणसे उभी होती. एकजण पुटपुटला, "नायजेरियन आहे, पर्स सांभाळा." मी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. तो घानाचा होता की सुदानचा, कॉलेजात शिकत होता की कपड्यांचा व्यापार करत होता, मला काय ठाऊक. गाडी आल्यावर त्याने एका म्हाताऱ्या बाईची पिशवी उचलून आत दिली आणि स्वतः दारात उभा राहिला. तो चांगला वागला म्हणून मी हे सांगत नाही. तो तसे वागला नसता तरी बाकावरच्या त्या तीन जागा रिकाम्या राहायला नको होत्या.

मग काय करायचे?

मोठ्या गोष्टी मला सांगता येणार नाहीत. मुरूडला किंवा खुलदाबादला या इतिहासाचे नीट संग्रहालय व्हावे, आणि ते मांडताना सिद्दी घरांतली माणसे टेबलाच्या या बाजूला बसलेली असावीत, एवढी मागणी मी जरूर करीन. खुलदाबादला औरंगजेबाची कबर बघून परत फिरणाऱ्यांनी अंबरच्या कबरीपर्यंतही जावे. शिक्षकांनी अंबर शिकवताना तो मुसलमान की मराठ्यांचा मित्र, एवढ्यावर थांबू नये. तो विकला गेलेला मुलगा होता, तिथून सुरू करावे. आणि घरात "कल्लू", "कालिया", "हबशी" हे लाडाचे शब्द आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा त्या मुलाला विचारावे.

आमच्या नाटिकेचे काय झाले ते सांगून थांबते. मी वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली. माफीने सगळे मिटले नाही. तो अंबर करायला तयार झालाच नाही, आणि मीही आग्रह केला नाही. दुसऱ्या मुलाने अंबर केला, तोंडाला काही न लावता. कोणालाही अडचण आली नाही. लोकांना तो अंबर वाटला, कारण तो चांगला बोलला.

या मुलाने मात्र नाटिकेबाहेर लावायच्या माहितीफलकाचे काम मागून घेतले. एक दिवस मला विचारले, "टीचर, अंबर नाव तर मालकाने ठेवलं ना? मग त्याचं घरचं नाव काय होतं?" मला माहीत नव्हते. शोधले. अंबरला भेटलेल्या एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की त्याचे मूळ नाव चापू होते.

गॅदरिंगच्या दिवशी फलकावर सर्वांत वर, मोठ्या अक्षरात, त्याने तेच लिहिले होते. चापू. आणि त्याखाली जरा लहान अक्षरात, मलिक अंबर. कोपऱ्यात फलक करणाऱ्याचे नाव होते, पूर्ण, वडिलांच्या नावासह. त्याची आई बराच वेळ त्या कोपऱ्यापाशी उभी होती.